पॉइंट्सवर गोवा: नाशिकहून मोबोरच्या किनाऱ्यावर सहकुटुंब मुक्काम

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे दक्षिण गोव्यात मोबोर किनाऱ्यावरील हॉलिडे इन रिसॉर्टमध्ये राहून आलो. दोन्ही खोल्यांचे भाडे आम्ही हॉटेलच्या पॉइंट्समधून, म्हणजे हॉटेल साखळीच्या सदस्यांना मुक्कामांबद्दल मिळणाऱ्या गुणांतून, भागवले. हे पॉइंट्स सातपूरच्या कारखान्याच्या कामानिमित्त पुणे आणि चेन्नई येथे होणाऱ्या मुक्कामांतून साठले होते. बिल कंपनी भरत असली तरी पॉइंट्स राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात, ही गोष्ट नोकरीसाठी सतत फिरतीवर असणाऱ्या अनेकांच्या लक्षातच येत नाही. मात्र आरक्षणात आपला सदस्यक्रमांक नोंदवलेला असावा लागतो आणि ते हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा कंपनीच्या करारातील दराने झालेले असावे लागते. इतर प्रवासी संकेतस्थळांवरून सवलतीत घेतलेल्या खोलीवर बहुतेक हॉटेल साखळ्या पॉइंट्स देत नाहीत. साठलेल्या पॉइंट्सच्या मुदतीकडेही लक्ष ठेवावे. खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर आयएचजीच्या (हॉलिडे इन ज्या साखळीत येते तिच्या) साध्या सदस्याचे पॉइंट्स 12 महिन्यांनी आणि मॅरियट या दुसऱ्या साखळीचे 24 महिन्यांनी बाद होतात.

पॉइंट्स कधी खर्चावेत आणि कधी सरळ पैसे भरावेत, याचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा, कारण या साखळ्यांत खोलीला लागणारे पॉइंट्स तारखेनुसार बदलतात. समजा खोलीचे भाडे 12,000 रुपये आहे. 7,500 रुपयांपेक्षा अधिक भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागत असल्याने प्रत्यक्ष खर्च 14,160 रुपये होतो आणि त्याच खोलीला 20,000 पॉइंट्स लागत असतील, तर एका पॉइंटला सुमारे 71 पैसे मिळाले. तीच खोली पावसाळ्यात 7,000 रुपयांना मिळत असेल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर केवळ 5 टक्के कर आहे, म्हणजे खर्च 7,350 रुपये. पॉइंट्स तेवढेच मागितले, तर पॉइंटची किंमत 37 पैशांवर येते. अशा वेळी रोख भरून पॉइंट्स राखून ठेवणे शहाणपणाचे. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी हे पॉइंट्स वापरण्याचे खरे दिवस, पण त्या तारखांना पॉइंट्सवर मिळणाऱ्या साध्या खोल्याही लवकर संपतात.

म्हणून आरक्षणाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. हॉटेलची खोली कित्येक महिने आधी धरता येते, तर रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून केवळ 60 दिवस आधी खुले होते. आम्ही आधी रद्द करता येण्याजोग्या अटींवर पॉइंट्सने खोल्या धरल्या आणि साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसची तिकिटे काढली. नाशिकरोडहून कोकण रेल्वेमार्गे मडगावला थेट नेणारी ही गाडी वयस्कर माणसे बरोबर असताना मुंबईत गाडी बदलण्यापेक्षा कितीतरी सोयीची आहे. तिकीट पक्के झाले नसते, तर ठरलेल्या मुदतीत खोल्या रद्द करून पॉइंट्स परत घेता आले असते. ही मुदत प्रत्येक आरक्षणात निराळी असू शकते, विशेषतः नाताळाच्या सुमारास, त्यामुळे ती लिहून ठेवावी. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरमध्ये बदलते, तेव्हा गाडीची वेळ निघण्यापूर्वी पुन्हा पाहणे आवश्यक आहे. विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा आहे की दाबोळी, हे बघावे. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला असल्याने तेथून मोबोरपर्यंत टॅक्सीचा खर्च आणि वेळ दोन्ही बरेच वाढतात.

हॉटेल निवडताना जाहिरातीतील निळ्या पाण्यावर विसंबू नये, नकाशा मोठा करून पाहावा. माजोर्ड्याचे अलिला दिवा भातशेतीच्या कडेला आहे, बांबोळीचे ग्रँड हयात खाडीवर आहे आणि मिरामारचे मॅरियट मांडवीच्या मुखाशी आहे. तिन्ही आपापल्या जागी चांगली असली, तरी मुलांना अनवाणी पायांनी खोलीतून थेट समुद्राच्या वाळूवर जायचे असेल, तर मोबोरसारखी जागा बरी. आमच्या मुलांनी ही सोय पुरेपूर वसूल केली.

पॉइंट्सनी खोलीचे भाडे फिटते, बाकीचे नाही. आमच्या आरक्षणात न्याहारी नव्हती, जादा गादीचे पैसे वेगळे होते आणि हॉटेलात दाखल होताना कार्डावर अनामत रक्कम अडकवली गेली, जी परत मोकळी व्हायला काही दिवस लागतात. यासाठी डेबिटऐवजी क्रेडिट कार्ड वापरावे. आरक्षण करताना मुलांची संख्या आणि वये खरी लिहावीत, नाहीतर खोली दोघांपुरतीच धरली जाते आणि काउंटरवर वाद होतो. दोन खोल्या असतील तर त्या शेजारी-शेजारी आणि वयस्करांसाठी तळमजल्यावर हव्यात, असे आठवडाभर आधी ईमेलने कळवावे. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही तसे कळवले आणि ते मानलेही गेले. अशा हॉटेलातील जेवणावरही 18 टक्के जीएसटी असतो, त्यामुळे दुपारचे जेवण बाहेर, म्हणजे कॅव्हलोसिम गावात किंवा साळ नदीच्या काठावर, घेतल्यास बिल आवाक्यात राहते. संध्याकाळच्या चहाबरोबरचे खाणे आईने घरून आणलेल्या नाशिकच्या चिवड्याने निभावले, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मोबोरची वाळू दक्षिणेकडे साळ नदीच्या मुखापर्यंत पसरली आहे आणि पलीकडे बेतूल दिसते. सकाळची ही चाल फार सुखाची असते, परंतु मुखापाशी प्रवाहाला जोर असतो, त्यामुळे तेथे पाण्यात उतरू नये. पोहायचे ते जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या टप्प्यातच. लाल झेंडा असेल तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही. दिवाळीत गेल्यास किनाऱ्यावरचे शॅक्स, म्हणजे हंगामी खानावळी, अजून उभे राहत असतात, तेव्हा केवळ त्यांच्या भरवशावर खाण्याचे बेत आखू नयेत.

मडगाव स्थानकापासून मोबोर सुमारे 20 किलोमीटर आहे. स्थानकावर टॅक्सी मिळते, परतीसाठी मात्र आदल्या संध्याकाळीच गाडी ठरवावी आणि दर आधी बोलून घ्यावा. खोली सोडण्यापूर्वी, म्हणजे आदल्या रात्रीच, बिलाची कच्ची प्रत मागवून पॉइंट्सच्या रात्रींसमोर शून्य भाडे लागले आहे ना, हे तपासावे. सकाळच्या गर्दीत, दाराशी टॅक्सी उभी असताना, ते निवांतपणे पाहता येत नाही.