जावळाखालची सूज

बुधवार हा आमच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार. ९ महिन्यांचा एक मुलगा गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आला होता. हसरा, माझ्या स्टेथोस्कोपवर झेपावणारा. डोक्याचा घेर मोजायला टेप गुंडाळली आणि उजव्या कानाच्या वर माझी बोटं थबकली. दाट जावळाखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज लागत होती. नुसतं बघून काहीच कळलं नसतं.

"ताई, बाळ पडलं होतं का कुठे?"

आईने आधी सासूबाईंकडे पाहिलं. "नाही, मॅडम."

सासूबाईंना मी केसपेपर आणायला बाहेर पाठवलं. दार लोटताच ती रडायला लागली. परवा दुपारी ती कपडे वाळत घालायला गेली आणि बाळ पलंगावरून फरशीवर पडलं. लगेच रडलं, दूध प्यालं, झोपलं. बोलणी बसतील म्हणून तिने घरात सांगितलं नाही. मालिशवाल्या मावशींनाही डोक्याला हात लावू दिला नाही. दोन रात्री एकटीच त्याचा श्वास बघत जागी होती, याचं मला फार वाईट वाटलं.

कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं की लोक हळद थापून धावत येतात. मूल नेहमीसारखं वागत असेल, तर बहुतेकदा थंड पाण्याचा फडका आणि घरी नीट लक्ष ठेवणं पुरतं. मला धास्ती वाटते ती २ वर्षांखालच्या बाळाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेल्या मऊ सुजेची. खाली कवटीला तडा असू शकतो, आणि ही सूज कधीकधी एक-दोन दिवसांनी हाताला लागते.

टाळू फुगलेली नव्हती, उलटी नव्हती, झटका नव्हता. लहान मुलांना किरणांचा त्रास नको म्हणून मी सीटी स्कॅन सहसा टाळते. त्या दिवशी लस राहू दिली आणि त्यांना तडक जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. संध्याकाळी फोन आला : हाडाला केसाएवढा तडा, आत रक्तस्राव नाही. एक रात्र ठेवून घेतलं.

निघण्याआधी सासूबाईंना मी एवढंच म्हटलं होतं, "आजी, या वयाचं बाळ क्षणात पलंगाची कड गाठतं. तुमच्याकडे असताना पडलं असतं, तरी तुम्हाला कुणी बोल लावू नये."

३ आठवड्यांनी राहिलेल्या लसीसाठी तिघं आली. सूज उतरली होती. इतक्या लहान वयात असा तडा क्वचित जुळण्याऐवजी रुंदावत जातो, म्हणून मी बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

"गादी आता जमिनीवरच घालतो," आजी म्हणाल्या. "परवा माझ्याजवळ असताना पाटावर आपटला. मीच हिला हाक मारून दाखवलं."