तुम्ही विचारलंत म्हणून: काळविटाचं पोट आणि कोसा बैल

"तुमच्या फोटोत काळविटाचं पोट पांढरं दिसतं, आमच्या फोटोत तेच पिवळं नाहीतर निळं. कॅमेरा कुठला?" सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचे फोटो दाखवले की हे कुणीतरी विचारतंच. कॅमेरा तुमच्यासारखाच आहे. फरक पडतो तो घरी येऊन कर्व्हजमध्ये बसल्यावर. कर्व्हज म्हणजे फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममधली रेघ, ती वरखाली ओढून फोटोतला उजेड आणि रंग बदलता येतो.

जानेवारीतली संध्याकाळ घ्या. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं, ऊन तिरपं. काळवीट आडवा उभा. त्याच्या पोटावर उन्हाच्या बाजूला रंगांचे आकडे (प्रत्येक रंग ० ते २५५) वाचले तर लाल २३५, हिरवा २२२, निळा १९० असे काहीतरी येतात. तेच पोट सावलीच्या बाजूला लाल ९६, हिरवा १०४, निळा १२२. पांढरा किंवा राखाडी म्हणजे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. इथे एकाच पोटावर दोन झाका आहेत: उन्हाची पिवळी, आणि सावलीत वरच्या मोकळ्या आभाळाची निळी. व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पिवळं-निळं कमीजास्त करायची पट्टी सगळा फोटो एकाच बाजूला ढकलते. पिवळं घालवायला ती निळ्याकडे नेलीत की सावली आणखी निळी होते. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

कर्व्हजमध्ये निळा चॅनल, म्हणजे फक्त निळ्या रंगाची रेघ उघडा. १९० वर एक बिंदू धरून २०८ च्या आसपास वर न्या, १२२ वर दुसरा धरून ११० पर्यंत खाली आणा. रेघ थोडी नागमोडी होते, ते बरोबर आहे. मग लाल चॅनल, सावलीत किंचित वर. उजेडातले तिन्ही आकडे मात्र मी कधीच तंतोतंत सारखे करत नाही. संध्याकाळ होती, ती थोडी दिसू दे की! पूर्ण पिवळेपणा काढलात तर गवत राखेसारखं दिसतं. आणि नर काळा म्हणून त्याच्या पाठीवर काळ्या बिंदूचा आयड्रॉपर ('ही जागा शुद्ध काळी' असं सांगायचं टोक) टेकवू नका. ती पाठ बरेचदा गडद तपकिरी असते, तिला शुद्ध काळी मानलं की सगळ्या फोटोवर निळसर छटा चढते.

माझे वडील इथल्या, सोलापुरातल्या एका डाय हाउसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात होते. रंगवलेली सुताची लडी नमुन्याशी जुळवायची तर ते ट्यूबलाइटखाली कधीच बघायचे नाहीत, लडी घेऊन दारात जायचे. लहानपणी मला तो नुसता वेळकाढूपणा वाटायचा.

आता माझी फजिती. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात एका खिल्लार बैलाचा फोटो काढला होता. वर निळी ताडपत्री, त्यामुळे बैल नखशिखांत निळा. मला वाटलं, खिल्लार म्हणजे पांढरा, सोपं आहे. लाल आणि हिरवा चॅनल मधोमध धरून चांगले वर उचलले. निळी झाक गेली, बैल दुधासारखा झाला. प्रिंट काढून मालकाला दिली. त्यानं एकदा बैलाकडे, एकदा कागदाकडे बघितलं.

"साहेब, ह्यो आमचा न्हाई. आमचा कोसा हाय."

कोसा म्हणजे मानेवर, खांद्यावर गडद राखाडी छटा असलेला खिल्लार. जाणकार त्या छटेकडे बघून बैल ओळखतात, आणि मी नेमकी तीच धुऊन टाकली होती. लाल-हिरवा उचलून निळं घालवलं की रंग सुधारतो, पण उजेडही वाढतो. निळा चॅनल खाली आणला असता तर मान गडद राहिली असती. फोटोशॉपमध्ये कर्व्हजच्या लेयरचा (वरच्या थराचा) ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या फोटोत मिसळायची पद्धत, 'कलर' ठेवली की रंग बदलतो, उजेड जवळपास जागेवर राहतो. हे मला माहीत होतं, पण घाईत केलं नाही. खरं तर घाईपेक्षा, बैल नीट बघितलाच नव्हता.

तेव्हापासून फोटो काढून झाला की जनावर मोकळ्या उजेडात आलं असताना एक साधा फोटो मोबाइलवर घेतो, नुसता रंग लक्षात राहावा म्हणून. माळावर ते जमत नाही, तिथे वहीत लिहितो: "पोट मळकं, डाव्या मांडीला चिखल." चिखलाला पांढरं करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी नवी प्रिंट घेऊन गेलो. मालक ती हातात घेऊन ताडपत्रीखालून बाहेर उन्हात गेला, मागून बैलही सोडून आणला, आणि कागद त्याच्या मानेला लावून बघत बसला.