एकाच पत्त्यावरच्या दोन फायली

गेम लाँचरच्या (गेम उघडणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ग्राहक-साहाय्य विभागात काम करणाऱ्याला "अपडेट करूनही पुन्हा अपडेट मागतो" ही तक्रार इतक्या वेळा भेटते की तिची उत्तरे पाठच होऊन जातात. कधी अँटिव्हायरसने नवी फाइल अडवून ठेवलेली असते, तर कधी लाँचर बंद केल्यासारखा दिसत असला तरी मागे चालूच राहिल्यामुळे जुनी फाइल बदलता आलेली नसते. कधी डिस्कवर जागा उरलेली नसते. कधी दोष आमच्या बाजूला असतो. वितरणाच्या अनेक सर्व्हरांपैकी एखाद्यावर आवृत्त्यांची जुनी यादी रेंगाळलेली असते आणि ग्राहकाला एका सर्व्हरवरून नव्या आवृत्तीची सूचना, तर दुसऱ्यावरून जुन्याच फायली मिळत राहतात. ज्या प्रकरणाविषयी मी लिहितो आहे त्यात यांपैकी एकही कारण नव्हते.

ग्राहकाच्या पहिल्या पत्राला आमच्या विभागातून नेहमीचे उत्तर गेले होते: लाँचरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा, म्हणजे लाँचर वाढीव अधिकारांनी चालेल. तसे केल्यावर सूचना येणे थांबले, आणि एरवी ते तिकीट (तक्रारीची नोंद) तिथेच बंद झाले असते. पण त्या गृहस्थांनी पुन्हा पत्र पाठवले आणि ते माझ्याकडे आले. पत्रात राग नव्हता, नेमकेपणा होता. "असे उघडल्यावर सूचना येत नाही हे खरे आहे, पण त्या वेळी मी ठेवलेली डाउनलोडच्या वेगाची मर्यादाही दिसत नाही, सगळ्या सेटिंग्ज नव्यासारख्या होतात. साधेपणाने उघडला की मर्यादा परत येते आणि तिच्याबरोबर अपडेटची सूचनाही येते. अपडेटची पट्टी मात्र क्षणात भरते. आणखी एक सांगतो, माझी बहीण याच संगणकावर तिच्या लॉगिनवरून हाच गेम खेळते आणि तिला ही सूचना कधीच येत नाही." लाँचर पूर्ण काढून पुन्हा इन्स्टॉल केला, संगणक रीस्टार्ट केला, तरी फरक पडला नाही, असेही त्यांनी लिहिले होते.

या पत्रातले प्रत्येक वाक्य कामाचे होते. पट्टी क्षणात भरते, याचा अर्थ डाउनलोड करण्यासारखे काही शिल्लकच नाही. अपडेटर, म्हणजे नव्या फायली आणून बसवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढून सर्व्हरवरच्या यादीशी ताडून पाहतो, सगळे जुळल्याचे त्याला दिसते आणि तो काम संपवतो. म्हणजे फायली नव्या आहेत. सूचना पुन्हा येत असताना पट्टी दर वेळी सावकाश भरत असेल तर फायली कोणीतरी मागे फिरवतो आहे किंवा पुसतो आहे असे समजावे; ती लगेच भरत असेल तर फायली जागेवर आहेत आणि त्यांच्याविषयीची समजूत चुकलेली आहे. हा फरक विचारला तर तपासाचा निम्मा रस्ता वाचतो, आणि तरीही आमच्या तक्रारीच्या अर्जात तो प्रश्न नव्हता.

मी त्यांच्याकडून दोन लॉग (प्रोग्रॅमने स्वतःच्या कामाच्या ठेवलेल्या नोंदी) मागवले, एक अपडेटरचा आणि एक लाँचरचा, आणि वेळेनुसार शेजारी शेजारी ठेवून वाचले. अपडेटरच्या लॉगमध्ये नवी आवृत्ती लिहिल्याची आणि तपासणी यशस्वी झाल्याची स्वच्छ नोंद होती. त्याच्या पाठोपाठ सुरू झालेल्या लाँचरच्या लॉगमध्ये, त्याच फोल्डरातल्या त्याच नावाच्या फाइलमधून, जुनी आवृत्ती वाचल्याची नोंद होती. दोन्ही नोंदींत पत्ता अक्षर न् अक्षर सारखा होता. ग्राहकाने माझ्या विनंतीवरून ती फाइल स्वतः नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा त्यांना नवीच आवृत्ती दिसली. अपडेटर खरे सांगत होता, ग्राहकही खरे सांगत होते, आणि लाँचरला खोटे नोंदवण्याचे काही कारण नव्हते. तेव्हा एकाच पत्त्यावर दोन वेगवेगळ्या फायली असल्याशिवाय या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरणार नव्हत्या.

विंडोजमध्ये असे घडू शकते. विंडोज एक्सपीच्या काळात घरगुती संगणकांवर बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत असत, त्यामुळे कितीतरी प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज खुशाल 'प्रोग्रॅम फाइल्स' या प्रोग्रॅम बसवण्याच्या सामाईक जागेतल्या स्वतःच्या फोल्डरातच लिहून ठेवत. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने 'यूजर अकाउंट कंट्रोल' (यूएसी) आणले आणि नेहमीच्या वापरातल्या प्रोग्रॅमांना तिथे लिहिण्याचा अधिकार उरला नाही. जुने प्रोग्रॅम त्यामुळे एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून त्याबरोबर एक सोयही ठेवली गेली. ३२-बिट प्रोग्रॅम असेल, त्याने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रात) आपल्याला कोणत्या दर्जाचे अधिकार हवेत हे सांगितलेले नसेल, आणि त्याने 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला, तर विंडोज त्याला नकार देत नाही. ते त्या फाइलची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'लोकल' फोल्डरात, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या जागी तयार करते आणि लिहिणे तिथे वळवते. त्यानंतर तो प्रोग्रॅम मूळ पत्ता मागत राहतो आणि त्याला ही खाजगी प्रत मिळत राहते. आपली फाइल दुसरीकडे आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही.

हे लक्षात घेतल्यावर पत्रातले एकेक वाक्य आपापल्या जागी जाऊन बसले. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला हे वळण लागू होत नाही, त्यामुळे तसा उघडलेला लाँचर खरी फाइल वाचत होता. तिच्यात आवृत्ती नवी होती, पण ग्राहकाने ठेवलेली वेगाची मर्यादा नव्हती. नोटपॅडलाही हे वळण लागू होत नाही, म्हणून त्यालाही खरीच फाइल दिसली. 'व्हर्च्युअलस्टोअर' प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे असते, म्हणून बहिणीला त्रास नव्हता. आणि लाँचर काढून टाकताना अनइन्स्टॉलर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधले फोल्डर पुसतो, या खाजगी प्रतीला तो हातही लावत नाही, म्हणून पुन्हा इन्स्टॉल करूनही जुनी प्रत नव्या फोल्डरावर तशीच सावली धरून राहिली होती.

तर्क जुळला म्हणून पुरावा मिळाला असे होत नाही. ग्राहकाच्या संमतीने दूरस्थ जोडणी घेऊन मी 'प्रोसेस मॉनिटर' चालवला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन कोणता प्रोग्रॅम कोणत्या क्षणी कोणती फाइल उघडतो ते ओळीओळीने दाखवते, आणि अशा कामात मला त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही वाटत नाही. लाँचरच्या नावाची चाळणी लावली आणि आवृत्तीच्या फाइलपाशी थांबलो. लाँचरने 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली फाइल मागितली होती. त्या ओळीचा निकाल 'रीपार्स', म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवले, असा होता, आणि लगेच खालच्या ओळीत 'व्हर्च्युअलस्टोअर'मधली फाइल उघडली गेली होती. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा स्तंभ दाखवायला लावल्यावर आमच्या लाँचरसमोर 'एनेबल्ड' असे उमटले. मग लाँचर पूर्ण बंद करून 'व्हर्च्युअलस्टोअर'मधल्या त्या फाइलचे नाव बदलले आणि लाँचर साधेपणाने उघडला. सूचना आली नाही. फाइलचे मूळ नाव परत दिले, पुन्हा उघडला, आणि सूचना आली. कारण काढले की रोग जातो आणि परत ठेवले की येतो, इतके पाहिल्याशिवाय मी कोणतेही प्रकरण उलगडले असे म्हणत नाही.

तरी एक प्रश्न उरला होता: ही प्रत याच ग्राहकाकडे का निर्माण झाली? आमचे बहुसंख्य वापरकर्ते तोच लाँचर वापरत होते आणि त्यांची तक्रार नव्हती. उत्तर आमच्या फाइलच्या रचनेत होते. आवृत्तीचा क्रमांक आणि वापरकर्त्याच्या सेटिंग्ज या दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये ठेवलेल्या होत्या. नुसते वाचल्याने प्रत तयार होत नाही, ती लिहिण्याच्या प्रयत्नाने होते. ज्याने सेटिंग्जच्या पानाला कधी हात लावला नाही त्याचा लाँचर खरीच फाइल वाचत राहिला. ज्याने एकदाही भाषा, वेगाची मर्यादा किंवा असेच काही बदलले, त्याच्या नावाने त्या दिवशीची संपूर्ण फाइल, त्या दिवशीच्या आवृत्ती क्रमांकासकट, बाजूला काढली गेली आणि तो क्रमांक तिथेच गोठला. पुढच्या अपडेटपर्यंत काही जाणवत नसे, कारण तोवर दोन्ही क्रमांक सारखेच असत. ग्राहकाकडच्या प्रतीची तयार झाल्याची तारीख आणि त्यांनी मर्यादा ठेवल्याचा त्यांना आठवत असलेला सुमार जुळत होता. कोऱ्या आभासी यंत्रावर (संगणकाच्या आत चालणाऱ्या कृत्रिम संगणकावर) आम्ही तेच करून पाहिले: जुनी आवृत्ती बसवली, एक सेटिंग बदलली, अपडेट केले, आणि सूचनांचे चक्र सुरू झाले.

कार्यालयात यावर दुरुस्ती काय करायची याची चर्चा झाली, आणि ती मला तपासाइतकीच महत्त्वाची वाटते. सर्वांत झटपट उपाय असा होता की मॅनिफेस्टमध्ये लाँचरला कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागायला लावावेत. वळण आपोआप बंद होईल आणि सूचना थांबतील. मी त्याला स्पष्ट विरोध केला. लाँचर ज्या अधिकारांनी चालतो त्याच अधिकारांनी त्याने सुरू केलेला गेम चालतो, आणि गेमबरोबर वापरकर्त्याने कुठून कुठून आणून बसवलेले मॉडही, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या बाहेरच्या जोडण्याही, चालतात. एक आकडा चुकीच्या फाइलमधून वाचला जातो म्हणून त्या सगळ्यांना संपूर्ण संगणक मोकळा करून देणे मला मान्य नव्हते. शिवाय ज्या घरात मुलांची खाती साध्या दर्जाची ठेवलेली असतात तिथे मोठ्यांनी पासवर्ड घातल्याशिवाय लाँचर उघडणारच नाही.

जे ठरले ते असे. मॅनिफेस्टमध्ये 'अ‍ॅज इन्व्होकर' हा दर्जा लिहायचा, म्हणजे लाँचर वापरकर्त्याच्याच अधिकारांनी चालेल आणि वळणही लागणार नाही. सेटिंग्ज वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा'त न्यायच्या, कारण त्यांची खरी जागा तीच. आणि आवृत्ती कोणत्याही मजकुराच्या फाइलमधून न वाचता ईएक्सईमध्येच, म्हणजे लाँचरच्या मुख्य प्रोग्रॅम-फाइलमध्येच, असलेल्या आवृत्तीच्या नोंदीवरून ठरवायची. ईएक्सई आणि डीएलएल (प्रोग्रॅमच्या सहायक) फायलींना हे वळण मुळातच लागू होत नाही, म्हणून तिथे दोन सत्ये निर्माण होण्याची भीती नाही.

यात एक बारीक अडचण होती आणि ती वेळीच दिसली याचे मला समाधान आहे. वळण बंद झाले की लाँचरला अचानक खरी फाइल दिसू लागणार, म्हणजे ज्यांनी सेटिंग्ज बदलल्या होत्या नेमक्या त्यांच्याच सेटिंग्ज नाहीशा होणार. त्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मधून स्वतः शोधून आणणे भाग होते. हे काम इन्स्टॉलरकडे देता येत नव्हते. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतो, कित्येकदा दुसऱ्याच खात्यावरून चालतो, आणि एका संगणकावर जितकी खाती तितकी वेगळी 'व्हर्च्युअलस्टोअर' असतात. म्हणून प्रत्येक वापरकर्त्याने नवा लाँचर प्रथम उघडला की लाँचरनेच त्याच्या खात्यातली जुनी प्रत शोधावी, तिच्यातल्या फक्त सेटिंग्ज उचलाव्यात, आवृत्तीची ओळ सोडून द्यावी आणि मग त्या फाइलचे नाव बदलून ठेवावे, असे लिहिले. पुसून टाकण्याऐवजी नाव बदलावे हा माझा आग्रह होता. काही चुकले तर ग्राहकाचे परत देता आले पाहिजे.

दुरुस्ती चक्रात अडकलेल्यांपर्यंत पोहोचेल का, अशी शंका चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने काढली आणि ती रास्त होती. पण त्यांच्याकडे अपडेट होतच होते, फक्त लाँचरला ते कळत नव्हते. अपडेटर ईएक्सई खऱ्या फोल्डरातच बदलत असे, त्यामुळे सूचनेवरचे बटण आणखी एकदा दाबताच नवा लाँचर त्यांच्याकडे आला आणि त्याने आपली आवृत्ती स्वतःतूनच वाचली. त्या ग्राहकांनी दोन्ही खात्यांवरून उघडून पाहिले आणि वेगाची मर्यादा होती तशी राहिल्याचे कळवले.

राहिले ते आमच्याच जुन्या सल्ल्याचे काम. आम्ही सांगितल्यावरून अनेकांनी शॉर्टकटच्या 'कंपॅटिबिलिटी' पानावर 'हा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' या अर्थाच्या चौकटीत कायमची खूण करून ठेवली होती, आणि दुरुस्तीनंतरही त्यांचे गेम विनाकारण वाढीव अधिकारांनी चालत होते. ज्यांना ज्यांना ते उत्तर गेले होते त्यांची तिकिटे काढून, खूण कुठे असते आणि ती आता का काढायची हे सांगणारे पत्र आम्ही प्रत्येकाला पाठवले. तक्रारीच्या अर्जात तीन प्रश्न वाढवले: अपडेटची पट्टी सावकाश भरते की लगेच, याच संगणकावर दुसऱ्या खात्यावरून काय होते, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर सेटिंग्ज बदललेल्या दिसतात का.