शिंदवणे घाटातली आठवी नॉच

शनिवार, रात्री

आज तिसरं ड्रिल मोडलं. 0.4 मिलिमीटरचं. हातड्रिलमध्ये धरून फिरवताना मनगट जरा कलंडलं की टक्कन जातं, आणि टोक नेमकं भोकातच अडकून बसतं. मी बनवत असलेल्या डब्ल्यूडीएम-2 या डिझेल रेल्वे इंजिनाच्या मॉडेलवर लांब नाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा कठडा मला एकसंध प्लॅस्टिकचा नको होता. तो काढून टाकला आणि आता पितळी तार ओवतोय. 0.4 ची तार मॉडेलच्या 1:87 या प्रमाणात मोजली तर खऱ्या इंजिनावर साडेतीन सेंटिमीटरचा पाइप होतो, म्हणजे मुठीत येईल एवढा. एका बाजूचं काम झालं. दुसऱ्या बाजूची सात भोकं बाकी आहेत.

केबिनच्या काचा मात्र घालवल्या. सुपरग्लूने चिकटवल्या आणि वरून झाकण लावून टाकलं. तासाभराने उघडून बघतो तर काचांवर पांढरं धुकं. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही घाई केली.

सोमवार

स्पीकर बसवला. 11 बाय 15 मिलिमीटर, जेमतेम नखाएवढा. पहिल्यांदा नुसताच वाजवून पाहिला, मागची डबी न लावता. आईने आतून विचारलं, "फ्रीज परत वाजायला लागला का रे?" मग डबी चिकटवली, कडेची फट बुजवली आणि आवाज एकदम भरला. पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी उलट्या असतात. मागची कोंडली नाही तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

तरीही हिशेब करून पाहिला तर हसू येतं. खऱ्या डब्ल्यूडीएम-2 मधलं, अल्को या अमेरिकन कंपनीचं सोळा सिलिंडरचं इंजिन उभं असताना मिनिटाला 400 फेरे घेतं. फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटणार. सेकंदाला साधारण 53 ठोके झाले. छातीत जाणवणारी घरघर ती हीच. एवढा खालचा सूर या नखाएवढ्या स्पीकरमधून निघणं शक्य नाही. तो वरचे सूर देतो, खालचा आपला कान स्वतः भरून काढतो. आणि घोरपडीच्या फाटकापाशी ज्याने कधी उभं राहून पाहिलंय, त्याचा कान जास्तच भरतो.

बुधवार

आज खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रेल्वेत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं मिरज लाइनवर. बाहेर ते स्वतःला लोको पायलट म्हणवतात, घरात ड्रायव्हरच.

गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोळे रुळाच्या पातळीला आणले आणि पहिलंच वाक्य : "हे ब्रॉडगेज नाही."

खरंय. आपला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटर; एचओमध्ये, म्हणजे या 1:87 मापात, तो 19.3 यायला हवा. बाजारात मिळणारा रूळ 16.5 चा. इंजिन बरोबर वीतभर लांबीचं, पण खाली पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. चॅसी जुन्या अमेरिकन अल्को मॉडेलची आहे, वरचं अंग थ्रीडी प्रिंट. लहानपणी कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात काचेला नाक लावून बसायचो, तेव्हा असलं काही खटकायचं नाही. काकांना दोन सेकंदांत खटकलं. बोग्या, म्हणजे इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे, मात्र त्यांना पटल्या. तीन आसांमधलं अंतर सारखं नाही हे त्यांनी बोट लावून तपासलं.

मग मी गाडी चालवून दाखवली. हँडसेटचं बटण फिरवलं, इंजिन निघालं, वेग वाढला तसा आवाज वाढला, थांबवलं तसा उतरला. मला वाटलं, झकास.

काका म्हणाले, "ही रिक्षा आहे."

"म्हणजे?"

"अरे, रिक्षात चाक आणि इंजिन गिअरने बांधलेले असतात. इथे कुठे बांधलंय? इंजिन जनरेटर फिरवतं, मोटरी चाकं फिरवतात. शिंदवण्याचा घाट चढताना आठवी नॉच असायची, म्हणजे हँडलचा शेवटचा टप्पा. इंजिन हजार फेऱ्यांवर बोंबलतंय, आणि गाडी? खाली उतरून बाजूने चालावं अशी. घाट संपला, नॉच काढली, की इंजिन गप्प आणि गाडी पळतेय. तुझं बरोबर उलटं आहे."

उलटंच होतं. मी दोन महिने कठड्याच्या तारा मोजत होतो आणि आवाजाला अ‍ॅक्सिलरेटर लावून मोकळा झालो होतो.

आणखी एक सांगितलं त्यांनी. नॉच मारली की लगेच जोर येत नाही. डिझेल आधी जातं, टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हवा कमी पडते. काळा धूर निघतो तो तेव्हाच. आधी आवाज पोकळ होतो, मग मागून शीळ चढत येते, आणि मग कुठे कपलिंगा ताणल्याचे खटके एकेक डब्यातून मागे जातात. हे सगळं त्यांनी तोंडाने वाजवून दाखवलं. आई पदराने तोंड झाकून हसत होती.

जाताना घंटेचं बटण चुकून दाबलं गेलं. टण टण टण. "हे काय, देवळात आलो का?" डिकोडरमधला, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या चिपमधला, आवाज अमेरिकन इंजिनाचा आहे, तिकडे इंजिनावर घंटा असते. आमच्याकडे कुठली!

शुक्रवार, पहाटेचे दोन

सीव्ही म्हणजे डिकोडरमधली एकेक सेटिंग; सीव्ही 3 म्हणजे वेग घ्यायला लागणारा वेळ. तो 20 वर होता, 140 वर नेला. आता बटण फिरवलं की इंजिन आधी कण्हतं, चाकं नंतर हलतात. ड्राइव्ह होल्डचं बटणही शोधून काढलं. ते दाबलं की वेग आहे तिथे धरून ठेवला जातो आणि हँडसेट फक्त इंजिनाचा आवाज चढवतो-उतरवतो. घाटासाठीच केल्यासारखं. एकूण आवाज सीव्ही 63 ने निम्म्यावर आणला. प्लायवूड स्वतःच वाजत होतं, म्हणून रुळाखाली कॉर्कची पट्टी घातली. घंटा पुसून टाकली. हॉर्न मात्र सातारा स्टेशनवर मी मोबाइलवर टिपलेला घातला. त्यात मागे एक चहावाला ओरडतो, तो काही केल्या जात नाही. राहू दे.

रविवार

काकांना बोलावलं. इंजिनामागे सहा डबे. मी हँडसेट त्यांच्याच हातात दिला.

त्यांनी आधी आयडलवर नुसतं ऐकलं. बराच वेळ. मग एक नॉच, थांबले. दुसरी, थांबले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हँडसेटकडे पाहिलंही नाही, खिडकीबाहेर बघत होते. चढावर होल्ड दाबून आठपर्यंत नेलं. गाडी गोगलगायीसारखी, आणि नखाएवढा स्पीकर जीव तोडून ओरडतोय.

"शीळ जरा उशिरा येते," म्हणाले. "बाकी ठीक."

मग चष्मा कपाळावर नेऊन रंगकाम पाहिलं. मी खडूची काळी पूड चिमणीभोवती गोल फासली होती. "धूर काय जागेवर बसून राहतो? मागे पडतो. छतावर ओढ." आणि केबिनच्या दाराजवळच्या उभ्या दांड्याला मी गंज लावला होता, तो त्यांनी नखाने खरवडून काढला. "इथे गंज धरत नाही. दिवसातून वीस वेळा हात लागतो. इथे लोखंड चकचकीत पाहिजे, आणि खालच्या पायरीचा रंग मधोमध उडालेला."

खरवडल्यावर आतली पितळ दिसली. तीच तशीच ठेवली.

काचांसाठी पातळ शीट आणलीय, उद्या कापीन. सुपरग्लू नको, पांढरा गोंद. वायपर बंद असताना कुठल्या बाजूला झोपतो ते काकांना विचारायचं राहिलं.