एक कॉम्प्युटर, चार जण

नागपूरच्या इतवारीतल्या एका अडतीच्या पेढीत मी हिशेब पाहते. कॉम्प्युटर एकच. त्यावर मी, बिलं काढणारा पोरगा, दुपारनंतर येणारे शेठजींचे भाचे आणि अधूनमधून स्वतः शेठजी. वर्षानुवर्षं सगळ्यांचं खातं एकच, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला.

मे महिन्यात तुरीच्या जुन्या हिशेबाची एक्सेल फाईल उघडली, तर आत चालू महिन्याची बिलं. कोणीतरी जुन्या फाईलवरच नवं लिहून सेव्ह केलं होतं. रिसायकल बिनमध्ये काही मिळेना, कारण फाईल डिलीट झालीच नव्हती. सगळ्यांनी बिलाच्या पोराकडे पाहिलं. २२ वर्षांचा, कळमन्याहून सायकलने येणारा. ‘मी नाही केलं जी,’ एवढंच तो म्हणत राहिला. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एकाच खात्यावर चौघं बसले की कोणी काय केलं, हे कॉम्प्युटर सांगणार कसं? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींना म्हटलं, प्रत्येकाचं खातं वेगळं करू. ते लगेच हो म्हणाले.

आमच्याकडे विंडोज प्रो आहे, म्हणून बरं. विंडोज होममध्ये ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’, म्हणजे खाती आणि ग्रुप सांभाळायची खिडकी, मिळत नाही. चौघांचीही खाती स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांची ठेवली, माझंही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत. मग दोन ग्रुप केले, ‘हिशेब’ आणि ‘बिल’. परवानगी माणसाला न देता ग्रुपला द्यायची, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी फोल्डरला हात लावावा लागत नाही.

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. ‘जुनी वर्षं’ या फोल्डरवर बाकीच्यांना रोखायचं म्हणून मी सरळ विंडोजच्या ‘युजर्स’ या तयार ग्रुपला डिनाय, म्हणजे मनाई, दिलं. फोल्डर सगळ्यांनाच बंद झालं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलासुद्धा! त्या ग्रुपमध्ये ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ आधीपासून असतात, म्हणजे लॉगिन केलेला प्रत्येक जण त्यात येतो. आणि एकाच फोल्डरवर दोन्ही असले तर डिनाय अलाऊला, म्हणजे परवानगीला, मागे टाकतो. तारीख १०, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरायचं, जुनी पार्टी-यादी त्याच फोल्डरमध्ये. कूलर पूर्ण वेगात असूनही मला घाम फुटला. पण फोल्डरच्या मालकाला, म्हणजे तो ज्या खात्याच्या नावावर आहे त्याला, परवानग्या बदलण्याचा हक्क राहतोच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये जाऊन तो डिनाय काढला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग नीट केलं. वरून येणारा वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, त्या फोल्डरपुरता तोडला, कारण डी ड्राईव्हवर सगळ्यांना बदल करण्याची मुभा आधीच होती. मग ‘हिशेब’ला मॉडिफाय, म्हणजे बदल करायची मुभा, आणि ‘बिल’ला फक्त रीड, म्हणजे वाचायची. ‘चालू वर्ष’वर दोघांनाही मॉडिफाय. फुल कंट्रोल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशिवाय कोणाला नाही; ते ज्याच्या हाती, तो परवानग्याच बदलू शकतो. डिनाय आता कुठेच वापरत नाही. ज्याला द्यायचं नाही, त्याला यादीत घालायचंच नाही.

पोराला ग्रुपमध्ये टाकलं तरी फोल्डर उघडेना. ‘काहून नाही उघडत जी?’ त्याचा चेहरा पुन्हा पडला. त्याला लॉग आऊट करून परत आत यायला सांगितलं. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे विंडोज लॉगिनच्या वेळी वाचतं. फोल्डर उघडलं, आणि त्यातली जुनी फाईल त्याला दिसली, पण तिच्यावर सेव्ह होईना. त्याने दोनदा करून पाहिलं आणि शेठजींना बोलावून दाखवलं.

मॉनिटरवरची चिठ्ठी त्यानेच काढली. नवा पासवर्ड टाकताना कीबोर्डवर हात आडवा धरून म्हणाला, ‘मॅडम, तुमालेही नाही सांगत जी.’

‘सांगूच नको,’ मी म्हटलं आणि पाठ फिरवली.