वेलंड्स स्मिदीची प्रतिकृती : तिसरी नोंद

ऑक्सफर्डशायरमधील ‘वेलंड्स स्मिदी’ या नवाश्मयुगीन दफनस्थळाची १:५० प्रमाणातील प्रतिकृती मी करीत आहे. मूळ टेकाड सुमारे ५६ मीटर लांब आणि दर्शनी, म्हणजे दक्षिणेकडच्या टोकाला सुमारे १३ मीटर रुंद असल्यामुळे माझ्या फळीवर ते ११२ बाय २६ सेंटिमीटर बसते. थर्माकोलचा सांगाडा मागेच पूर्ण झाला होता; गेले दोन महिने शिळांमध्ये गेले.

दर्शनी शिळा सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या आहेत. मूळच्या सहांपैकी चार उरल्या असून त्या साधारण तीन मीटर, म्हणजे आपल्याकडे सहा सेंटिमीटर उंचीच्या होतात. पहिला संच मी प्लास्टरचा ओतला, पण पुण्यातल्या ऐन पावसाळ्यात तो आतून वाळलाच नाही आणि कोरायला घेताच कडा ढासळू लागल्या. गल्लीतल्या मूर्तिकाराने शाडूत कागदाचा लगदा मिसळायला सांगितले, तेव्हा कुठे दाभणाने खळगे पाडता आले. रंगासाठी चहाचे पाणी आणि चुलीतली राख पुरेशी ठरली; लेकीकडे रेडिंगला असताना तिथे जाऊन आलो होतो, त्या वेळच्या छायाचित्रांशी हा करडा रंग चांगला जुळतो.

खरा पेच निराळाच आहे. प्रतिकृती कोणत्या काळातली करायची? या टेकाडाच्या पोटात आणखी एक लहान टेकाड आहे. इ. स. पूर्व ३५९० ते ३५५० च्या सुमारास लाकडी कक्षात चौदा जणांचे अवशेष ठेवून ते रचले गेले आणि त्यांतील काही जण बाण लागून मेले असावेत. इ. स. पूर्व ३४६० ते ३४०० च्या दरम्यान त्यावर आजचे लांबट टेकाड आणि क्रुसाच्या आकाराचे दगडी कक्ष आले. १९६२-६३ मध्ये स्टुअर्ट पिगॉट आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी उत्खनन केले, त्यानंतर पडलेल्या शिळा पुन्हा उभ्या राहिल्या आणि आजचे नेटके रूप आले. बहुतेक हौशी मंडळी तेच रूप घडवतात.

मला मात्र १७३८ साल हवे आहे. त्या वर्षी फ्रान्सिस वाइज यांनी स्थानिकांकडून ऐकलेली कथा छापली: येथे एक अदृश्य लोहार राहतो; वाटसरूच्या घोड्याचा नाल पडला, तर त्याने घोडा आणि नाणे येथे ठेवून थोडा वेळ दूर जावे आणि परत यावे, म्हणजे नाणे नाहीसे झालेले व घोड्याला नवा नाल ठोकलेला दिसतो. पुढच्या कथनांत ते नाणे चार पेन्सांचे ‘ग्रोट’ झाले आणि ते कक्षावरच्या छतशिळेवर ठेवायचे, असेही ठरले. आता छतशिळा उघडी पडल्याशिवाय तिच्यावर नाणे ठेवणार कसे? ही कथा पडझड झालेल्या स्थळाचीच आहे; टेकाड शाबूत असते, तर लोहाराला दुकान मांडायला जागाच मिळाली नसती.

नाव त्याहून जुने आहे. इ. स. ९५५ च्या एका सनदेत वेलंडच्या लोहारशाळेचा उल्लेख येतो, म्हणजे ते नाव नोंदवले गेले तेव्हा कबर चार हजारांहून अधिक वर्षांची होती आणि ती बांधणाऱ्यांना लोखंड ठाऊकही नव्हते. आपल्याकडे लेणी पांडवांच्या नावावर जमा होतात, तशी सॅक्सन लोकांनी ही शिळारचना आपल्या दंतकथेतल्या लोहाराला देऊन टाकली. गंमत अशी की १९१९-२० च्या उत्खननात येथे लोहयुगातल्या दोन लोखंडी पट्ट्याही सापडल्या. त्यांचा वेलंडशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरला आहे, प्रतिकृतीत त्या दिसणार नाहीत.

तेव्हा निगुतीने उभ्या केलेल्या शिळांपैकी काही आता आडव्या कराव्या लागतील आणि कक्षावरची माती खरवडावी लागेल. नाणे या प्रमाणात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे होते. चॉकलेटच्या चांदीतून सुईच्या टोकाने काढलेली टिकली मी काल छतशिळेवर चिकटवली, ती भिंगातूनच दिसते. माणूस एकही ठेवणार नाही, कारण मालकाने दूर जायचे असते आणि लोहार तर दिसतच नाही. फक्त तीन सेंटिमीटर उंचीचा घोडा घडवायचा राहिला आहे, पुढचा डावा खूर नालाविना.