वन झीरो वन वन

कोकणात विमानतळाला सपाट जागा मिळते ती सड्यावरच, म्हणजे कातळाच्या पठारावरच. आमचाही जांभ्याच्या सड्यावर आहे. पश्चिमेकडून येणारं विमान बराच वेळ पाण्यावरून येतं आणि शेवटी एकदम सड्याची कड समोर येते. टॉवरमध्ये रडार नाही. वैमानिक सांगेल ती उंची आम्ही नियंत्रक धरतो, आणि त्याला ती अल्टिमीटर सांगतो. समुद्रसपाटीचा हिशोब त्या अल्टिमीटरला आम्ही दिलेल्या एका आकड्यावरून लागतो. तो आकडा म्हणजे क्यूएनएच, हेक्टोपास्कलमधला हवेचा दाब. एका हेक्टोपास्कलची चूक झाली की साधारण 28 फुटांचा फरक पडतो.

त्या जूनमध्ये अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं. दाब सकाळपासून उतरत होता, दुपारी 1001 झाला. मी विमानाला उतरण्यासाठी अ‍ॅप्रोच दिला आणि सांगितलं, "क्यूएनएच वन झीरो झीरो वन." त्याच क्षणी फोन वाजला. तो नंबर चौकशीसाठी नाही, हे मी लेखी कळवलं आहे, तरी पावसाळ्यात "आज विमान उतरणार काय?" असे फोन येतच राहतात. उचलावा लागतो, कारण हवामानवाले आणि अग्निशमनवालेही त्याच लाइनवर असतात.

वैमानिकाने सगळं परत म्हणून दाखवलं. मी "रीडबॅक करेक्ट" म्हटलं आणि रिसीव्हर उचलला.

शेजारी कुडाळकडचा आमचा ट्रेनी स्ट्रिप, म्हणजे विमानाच्या नोंदीची पट्टी, लिहीत बसला होता. फोन ठेवेपर्यंत तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ते बहुतेक वन वन म्हणाले."

वन झीरो वन वन. म्हणजे 1011. दहाचा फरक, 280 फूट. अल्टिमीटरवर 3,000 दिसत असताना विमान 2,720 वर, आणि पुढे सड्याची कड, वर ढग. मी लगेच माइक दाबला: "निगेटिव्ह, क्यूएनएच वन झीरो झीरो वन." या वेळी रीडबॅकमधला एकेक आकडा मी बोट ठेवून ऐकला. विमान अजून समुद्रावर, बारा मैलांवर होतं. पुढे ते व्यवस्थित उतरलं. प्रवासी छत्र्या उघडत टर्मिनलकडे गेले.

मी रिपोर्ट लिहिला. वरिष्ठ म्हणाले, "काही झालं नाही ना? मग कशाला वाढवता?" हे मला पटलं नाही. काही झालं नाही तेव्हाच लिहायला हवं, कारण सगळं ताजं आठवत असतं आणि विचारायला माणसं समोर असतात.

टेप मी तीनदा ऐकली. वैमानिकाचा "वन वन" स्वच्छ आहे, खरखर नाही, तुटक नाही. मी मात्र जे सांगितलं होतं तेच ऐकलं. रीडबॅक ऐकायचा म्हणजे आपलं वाक्य विसरून समोरच्याचं ऐकायचं, हे मी इतकी वर्षं शिकवत आले आहे. मे 2022 मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर हेच दोन आकडे होते. तिथे नियंत्रकाकडूनच 1001 ऐवजी 1011 सांगितलं गेलं आणि पावसात विमान जमिनीपासून 6 फुटांवर आलं, तेही धावपट्टीच्या अलीकडे. ही घटना मी याच मुलाला महिन्यापूर्वी आकृती काढून समजावली होती. म्हणून त्याचे कान तिथे होते.

टेपवर माझ्या "करेक्ट"पासून "निगेटिव्ह"पर्यंत 19 सेकंद आहेत. त्यानंतर मला टेनेरिफच्या धावपट्टीवरची दोन विमानांची टक्कर सतत आठवते. 27 मार्च 1977, धुकं, 583 माणसं गेली. धावत सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे "झालं" म्हणाला, आणि इंजिनिअर गप्प बसला.

ड्यूटी संपल्यावर जिन्यात मी मुलाला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"लगेच, मॅडम."

"मग?"

तो खाली बघत राहिला. "तुम्ही करेक्ट म्हणालात ना. माका वाटला, माझाच कायतरी चुकला."